कुठली बाई?

आमच्या मुलीचं लग्न जमवायला जेवढा वेळ लागला नाही, तेवढा एक कॅमेरा पसंत करायला लागला. एम. जी. रोडवरच्या त्या दुकानदाराने आम्हाला लांबून येताना बघून शटर ओढून घेतलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

माझे यजमान ड्राफ्ट्समन. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसिंग पेपरवर वाकून त्यांनी उभा जन्म काढला. अर्ध्या कॉलेज रोडचे प्लॅन माझ्या हातून गेलेत, असं सांगायचे, पण त्या इमारतींकडे मान वर करून बघायचे नाहीत. जीव सगळा जुन्या दगडी देवळांवर. नव्वदच्या दशकात त्यांच्याकडे एक रोलचा कॅमेरा होता. रविवार आला की तो गळ्यात अडकवून एसटीने सिन्नर, अंजनेरी, झोडगे. मी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे हिला हिंडायची आवड असणारच असं त्यांनी गृहीत धरलं होतं. मला आवड होती रविवारी दुपारी झोपायची.

फोटो काढायची त्यांची पद्धत ऑफिसातून आलेली. ड्रॉइंग करताना आधी कागदाची चौकट आखायची, चारी कोपरे जागेवर आणायचे आणि मग आत काय ते. फोटोलाही तेच. कॅमेऱ्याला डोळा लावला की देऊळ राहिलं बाजूला, आधी चारी कोपरे तपासणार. कोपऱ्यात विजेची तार, शेळीचं शेपूट, कुणाची चप्पल, काहीही दिसलं तर बटण दाबणार नाहीत. अंजनेरीला एक गाय कोपऱ्यातून हलेना म्हणून आम्ही भर उन्हात ताटकळलो होतो. गाय रवंथ करतेय, हे डोळा लावून उभे आणि मी दोघांच्या नावाने बोटं मोडतेय. पण आल्बम उघडला की मान्य करावं लागायचं. एकाही फोटोच्या कडेला केर नव्हता.

ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि थोड्याच वर्षांत हे निवृत्त झाले. मग मनातला बेत बाहेर आला. जिल्ह्यातल्या जुन्या देवळांची रेखाचित्रं हाताने काढायची. समोरून, बाजूने, खांबासकट. त्यासाठी आधी नीट फोटो हवेत. "हे राहिलं ना," एकदा जेवताना म्हणाले, "तर लोकांचे जिने आणि संडास आखता आखता मेला, एवढंच माझ्याबद्दल म्हणता येईल." मी हसले. ते हसले नाहीत.

रोलचा कॅमेरा एव्हाना थकला होता. डिजिटल घ्यायचं ठरलं. यांच्या अटी तयारच होत्या. शबनममध्ये मावेल एवढा छोटा हवा. देवळाच्या आवारात मागे सरकायला जागा नसते, तेव्हा जवळून जास्त यायला हवं. खांब सरळ तो सरळच दिसला पाहिजे. आणि मुख्य म्हणजे डोळा लावून बघायची ती बारीक खिडकी हवीच. मागच्या स्क्रीनवर बघून, हात लांब करून फोटो काढणं त्यांना पोरखेळ वाटायचा. "आरतीचं ताट धरल्यासारखं काय धरायचं!"

आमचे रोल वर्षानुवर्षं ज्या दुकानात धुतले जायचे, तिथेच आता डिजिटल कॅमेरे आले होते. ओळखीचं गिऱ्हाईक म्हणून दुकानदाराने एक कॅमेरा रविवारपुरता वापरून बघायला दिला. हे पंचवटीत जाऊन आले. मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरवर फोटो बघितले तर प्रत्येकाच्या कडेला काही ना काही घुसलेलं. अर्धी छत्री, कुणाचं कोपर, दोरीवर वाळणारं धोतर. हे खवळले. "कॅमेरा लबाड आहे. दाखवतो एक आणि काढतो एक!"

दुकानदारानेही दुजोरा दिला. "काका, छोट्या कॅमेऱ्यांत असंच असतं. खिडकीतून दिसतं त्याच्यापेक्षा फोटोत जास्त येतं." मग काय, यांना बळच मिळालं. दुसरा कॅमेरा आणला. त्यातही तेच. तोही परत.

ड्राफ्ट्समनची एक शिस्त असते. रेघ चुकली तर आधी हत्यार तपासायचं, मग हात. सेट स्क्वेअर पालथा घालून पुन्हा रेघ मारायची आणि दोन्ही जुळतात का बघायचं. यांनी ऑफिसात नव्या मुलांना हेच शिकवलं होतं. त्यामुळे हत्यारांत खोट आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. माझ्याही नव्हती. एरवीही हे दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे, पानाच्या बाजूला ठेवलेलं पाण्याचं भांडं लवंडायचे, रस्त्यात शेजाऱ्यांनी हात केला तरी तसेच पुढे जायचे. मी म्हणायचे, लक्ष नसतं, डोक्यात देवळं असतात. कळवणहून माझी मोठी नणंद आली होती, तिने एका दिवसात निकाल दिला. "मोतीबिंदू व्हयील दुसरं काय. पिकू दे, मंग काढून टाकू. आपल्या बापाचं बी आसंच व्हतं." सासऱ्यांना शेवटी काहीच दिसत नव्हतं, ते मोतीबिंदू कच्चा काढल्यामुळे असं घरात सगळे मानायचे. म्हणून आम्ही पिकायची वाट बघत होतो.

तिसऱ्या वेळी मीही दुकानात गेले, आज निकाल लावायचाच म्हणून. दुकानदाराने दोन कॅमेरे काढले. एक खिडकीवाला. दुसऱ्याला खिडकीच नव्हती, पण लेन्स चांगली रुंद होती. हे त्या दुसऱ्याला हात लावायला तयार नव्हते. दुकानदाराने आग्रह केला म्हणून तो घेऊन दारात उभे राहिले, समोरच्या इमारतीकडे धरला, जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि काही न बोलता परत दिला. मग खिडकीवाला डोळ्याला लावला.

"काका, थांबा," दुकानदार शेजारून म्हणाला, "ती बाई बाजूला होऊ द्या."

"कुठली बाई?"

"ती काय, पिवळ्या साडीतली. कडेला."

"कुणी नाहीये," असं म्हणून यांनी बटण दाबलं. मागे फोटो उमटला. डाव्या कडेला पिवळ्या साडीतली बाई, हातात भाजीची पिशवी, आमच्याकडेच बघत असलेली.

"बघितलंस?" हे माझ्याकडे वळून म्हणाले. "हाही लबाड!"

माझा पारा चढलाच होता. "नाचता येईना अंगण वाकडं," असं मी चारचौघांत म्हणाले आणि कॅमेरा त्यांच्या हातातून ओढून घेतला. तेच ठिकाण, तीच इमारत. डोळा लावला. त्या एवढ्याशा खिडकीत बाई होती. अर्धवट नाही, झाकलेली नाही. पदर सारखा करताना दिसत होती.

"अहो, आहे ना ती," मी म्हणाले. पुन्हा कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "आता बघा. डावीकडे." त्यांनी डोळा लावला. हळूहळू मान डावीकडे वळवली, आणखी वळवली आणि एका जागी थबकले. मग कॅमेरा खाली घेतला. दुकानदाराला कळलं असावं. तो आत जाऊन उगाच खोकी लावत बसला. आम्ही काही न घेता रिक्षा केली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एक तपासणी झाली. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, आत कुठे ठिणगी दिसली की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याबाहेर बसले होते. मला फक्त बटणाचा आवाज ऐकू येत होता. टक्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्. त्या मधल्या शांततेत आत ठिणग्या पेटून विझत होत्या आणि यांना त्यांचा पत्ता नव्हता. मी मनातल्या मनात ओरडत होते, दाबा हो, दाबा की बटण.

यंत्रातून कागद निघाला. सगळा काळा, मधे तेवढा एक पांढरा तुकडा. "मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. कडेची नजर गेली आहे, ती परत येणार नाही. समोरची टिकवायला रोज थेंब घालायचे, न चुकता. घरात कुणाला होता का?"

यांनी माझ्याकडे बघितलं. बघण्यासाठी मान पूर्ण वळवावी लागली, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "वडिलांना मोतीबिंदू म्हणायचे," ते म्हणाले.

नंतरचे महिने फार वाईट गेले. भांडणं परवडली, पण हे बोलेनातच. ड्रॉइंग बोर्डावर मी इस्त्रीचे कपडे ठेवू लागले तरी काही म्हणाले नाहीत. मी थेंब घालायचे, ते डोळे मिटून पडून राहायचे. मला राग येत होता. नणंदेवर, सासऱ्यांवर, आणि त्या पिवळ्या साडीतल्या बाईवरसुद्धा, जिने काहीच केलं नव्हतं. कॅमेऱ्याचा विषय काढला की एकच उत्तर, "आता कशाला?" रात्री त्यांनी लाइट घालवू दिला नाही की मला कळायचं, अंधाराची भीती वाटतेय. ती मलाही वाटत होती.

मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "तो बिनखिडकीचा कॅमेरा विकला गेला असेल का गं?"

"तो? पोरखेळ?"

"त्या दिवशी त्याच्या स्क्रीनवर मला अख्खी इमारत दिसली. खालच्या फुटपाथपासून वरच्या टाकीपर्यंत, एकदम. मी चक्रावलो. मला वाटलं, असं का वाटतंय, इमारत तर रोज बघतो." त्यांनी कप खाली ठेवला. "मी बघत नव्हतो. एकेक तुकडा बघून जोडत होतो. एवढ्याशा स्क्रीनवर सगळं लहान होऊन येतं ना, ते माझ्या उरलेल्या जागेत मावतं."

माझ्या डोळ्यांना धार लागली. मी रिक्षा बोलवायला उठले.

कॅमेरा होता. दुकानदाराने बॅटरी भरून तो हातात दिला. पुढच्याच रविवारी आम्ही सिन्नरला गेलो. एसटीतून उतरताना त्यांनी माझा दंड धरला, एरवी लाज वाटली असती. तिथल्या गोंदेश्वराच्या देवळाच्या आवारात शिरल्यावर आधी ते नुसतेच उभे राहिले. मान वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मग कॅमेरा काढला आणि हात लांब करून धरला.

मधलं मोठं देऊळ, भोवतीची लहान देवळं, वरचं शिखर, खालचा चौथरा, सगळं त्या तळहाताएवढ्या स्क्रीनवर आलं होतं. यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांत तो चेहरा मी बघितला नव्हता.

"काढा ना फोटो," मी म्हणाले.

"थांब. बघू दे."

मी थांबले. ते हलले नाहीत. हात भरून आले तरी खाली घेईनात. आणि अचानक त्यांनी माझं मनगट इतक्या जोरात पकडलं की बांगडी रुतली.

"गेलं," ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "अगं, गेलं. सगळं गेलं."

मी स्क्रीनकडे वाकले. मग दिसलं. बराच वेळ बटण दाबलं नाही म्हणून कॅमेऱ्याने बॅटरी वाचवायला स्क्रीन बंद केली होती. "अहो, कॅमेरा बंद पडलाय," मी ओरडले, "डोळे नाही, कॅमेरा!" बटण दाबलं. लेन्स पुढे आली, देऊळ परत आलं.

ते मटकन चौथऱ्यावर बसले. कपाळावर घाम होता. आम्ही दोघं हसायला हवं होतं, पण हसू आलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "तू धर," म्हणाले. मी शेजारी बसून त्यांच्या डोळ्यांसमोर तो ताटासारखा धरला. स्क्रीन काळी व्हायच्या आत मी बटण दाबत होते, आणि ते बघत होते.