पाटावरची कात्री

आक्का, माझी मोठी बहीण, लष्करात नर्स होती. बांगलादेशच्या लढाईत तिनं जखमी जवानांच्या मलमपट्ट्या केल्या. काम मोठंच, त्यात वाद नाही. पण तिचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. ते आजही थांबलेलं नाही.

ती नर्सिंग शिकायला गेली आणि चौथीनंतर माझी शाळा बंद झाली. आई आजारी, आबांची कंबर धरलेली. कसबा बावड्यातल्या आमच्या उसाची भांगलण मीच करायची. सगळं तण माझ्या खुरप्यानं निघायचं.

लढाई संपल्यावरच्या दसऱ्याला आक्का सुट्टीवर आली. खंडेनवमीला आमच्याकडं पाटावर कोयता, कुऱ्हाड, विळा मांडून पुजतात. त्या दिवशी मग हत्यार कामाला लावत नाहीत. आबांनी पाटाच्या मधोमध आक्काची पट्ट्या कापायची कात्री ठेवली. निम्मी गल्ली बघायला आली होती. मी माझं खुरपं घासूनपुसून आणलं, तर आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे भाईर. खुरपं काय हत्यार हाय व्हय?"

लोक हसले. आक्काही हसली. खुरपं मी उंबऱ्याबाहेर ठेवलं. त्याला कुंकू लागलं नाही.

पुढं माझं लग्न टिकलं नाही. मी माहेरी परत आले आणि आई-आबा गेल्यावरही शेत करत राहिले. गेल्या वर्षी आक्काही कायमची इथंच राहायला आली, पेन्शन आणि कात्री घेऊन.

यंदा खंडेनवमीला पाट मी मांडला. खुरपं मधोमध, कात्री कडेला. खुरप्याला बोटभर कुंकू लावलं. तेवढ्यात आमच्या धाकट्या भावाचा मुलगा मोबाईल घेऊन आला.

"आत्ती, कात्री मधी पायजे की! लढाईतली हाय ती. फोटो टाकायचाय."

त्यानं खुरपं उचलून कुऱ्हाडीच्या मागं सारलं. आक्का शेजारी खुर्चीत पदर सावरून बसली होती. तिनं त्याला अडवलं नाही.

मी खुरपं उचललं, कुंकवासकट, आणि घरामागच्या परड्यातल्या वांग्यांच्या वाफ्यात भांगलायला जाऊन बसले.

"अगं, आज हत्याराला हात लावत्यात व्हय?" आक्का आतून ओरडली.

"हत्यार तुझं. माझं खुरपं हाय," मी म्हटलं. "आबाच सांगून गेल्यात की."

दुपारपर्यंत मी अर्धा वाफा भांगलला. फोटो मी अजून बघितलेला नाही.