डिकीतलं पाणी आणि माझे साडू

आधीच सांगून टाकतो — माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. अहो, माझा माणसांवरच नाही, तर भुतांवर कुठून बसणार? दूधवाला पाणी घालतो, भाजीवाला काटा मारतो, मेकॅनिक एक दुरुस्त करताना दुसरं बिघडवून ठेवतो, हे मी धरूनच चालतो. बायको नीलम म्हणते, "तुला आरशातला माणूस पण चोर वाटेल." असो. पण हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

आम्ही नाहूरला राहतो. गेल्या वर्षी माझ्या साडूंची, विलासरावांची, जुनी सेडान घेतली. त्यांची बायको वंदनाताई म्हणजे नीलमची मोठी बहीण. आई गेल्यापासून नीलमला तीच आई. ताईचा सकाळी फोन आला नाही तर हिचा दिवस सुरू होत नाही.

पावसाळ्यात डिकीत पाणी दिसलं. स्टेपनीच्या खड्ड्यात, चांगलं तांब्याभर. म्हटलं, जुनी गाडी, चालायचंच. भांडुपच्या मेकॅनिकने डिकीच्या झाकणाचं रबर बदललं. पुन्हा पाणी. मग मागचे दिवे काढून सिलिकॉन भरलं. पुन्हा पाणी. खड्ड्याच्या तळाचं बूच बदललं... तेच! तोवर माझा संशय मेकॅनिकवर होता. पण दिवाळी झाली, पाऊस संपला, गाडी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, वर पक्कं छत — आणि एका सकाळी बघतो तर स्टेपनी अर्धी बुडालेली. गाडी धुणाऱ्याला झापलं. तो म्हणाला, "साब, मैं तो सिर्फ कपडा मारता है." त्याला बंद केला, तरी पाणी आलंच.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. ही गाडी कधीतरी पुरात बुडालेली असणार आणि विलासरावांनी ते लपवलं असणार! पुरात बुडालेल्या गाडीत नवीन पाणी कसं येईल, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. नीलमला बोललो तर ती भडकलीच. "हे भावोजींना बोललास ना, तर ताई मला कायमची तुटली. समजलं? भंगारात घाल ती गाडी, पण तोंड उघडू नकोस." पण माझ्या पोटात काही राहील तर शपथ! रविवारी ती दोघं जेवायला आली आणि मी बोललोच.

विलासराव मूळचे कुडाळचे. रागावले नाहीत, हसायला लागले. "मी तुका फसवतलंय असा वाटता तुका? चल मेल्या, खाली चल. मी डिकीत बसतंय, तू वरसून पाणी मार. खयसून येता ता बघूया."

गळती शोधायची ही जुनी रीत आहे. डिकीत पावडर भुरभुरायची, एक माणूस टॉर्च घेऊन आत, झाकण बंद, आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं. पावडरवर ओघळ उठला की भोक सापडलं. माझं पोट बघता मी आत मावणं शक्यच नव्हतं. विलासराव शिडशिडीत. मी पावडरचा अख्खा डबा आत झाडला, ते मोबाइलचा टॉर्च लावून कुशीवर आडवे झाले आणि म्हणाले, "लाव झाकण." भर दुपार होती. बायका वर मागचं आवरत होत्या. खाली आम्ही दोघंच.

मी झाडांच्या पाइपने पाणी मारायला लागलो. काचेवर, दिव्यांवर, झाकणाच्या कडेकडेने.

"येतंय का?"

"नाय रे, सुका आसा!"

थोड्या वेळाने परत विचारलं. आणि मग आतून धडाधड लाथा. "उघड! पाणी भरला! उघड रे!" मी पाइप टाकला, चावी लावली — कुलूप अडकलेलं. ओल्या हातातून चावी सटकत होती. आतला आवाज... नाकातोंडात पाणी जाताना माणूस ओरडतो ना, तसा.

एकदाचं झाकण उघडलं. विलासराव बाहेर कोसळले. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होते, खोकताना तोंडातून पाणी पडत होतं. आणि डिकी? कोरडीठाक! कुठेही एक ओघळ नाही. त्यांच्या अंगाखालची पावडरसुद्धा नुसती विस्कटलेली, पण भुरभुरीत. मी हात फिरवून बघितला, स्टेपनी उचलून बघितली. काही म्हणजे काही नाही.

त्यांनी डिकीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं, मग जमिनीवर वाहत पडलेल्या पाइपकडे.

"विलासराव, देवाशपथ सांगतो, मी..."

"राहू द्या, संजयराव." लग्न झाल्यापासून मला 'अरे संजू मेल्या' म्हणणारा माणूस हो! "माझा संशय आला होता, तर तोंडावर चोर म्हणायचं होतंत. माणसाला कोंडून बुडवायचं नसतं."

"अहो, पण डिकी बघा तरी! कोरडी आहे!"

ते वळलेच नाहीत. तसेच ओलेत्याने वर गेले, ताईला घेतलं आणि निघाले. ताईने नंतर एकदाच फोन केला. त्यांचा मोबाइल परत चालू झाला नाही, आत पाणीच पाणी निघालं, एवढं सांगून तिने फोन ठेवून दिला.

त्यानंतर डिकीत थेंब नाही. हा अख्खा पावसाळा गाडी मुद्दाम बाहेर रस्त्यावर लावून भिजवली, आत कोरडीच. ज्याला त्याला विचारून झालं. एक म्हणाला घाम असेल, दुसरा म्हणाला पाइप आत गेला असेल. बंद डिकीत पाइप कुठून जाणार, बाबा? ते पाणी कुठून आलं, कुठे गेलं, विचार करून डोकं फुटायची वेळ आलीय.

ताईचा फोन येत नाही. परवा सकाळी नीलम चहा घेऊन समोर बसली. चिडलेली नव्हती, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही. पण खरं सांग... तू त्यांना किती वेळ आत ठेवलंस?"