पाण्याला लागलेली फॅट

बारामतीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक यंत्र दाखवायला बोलावतात आणि तक्रार माणसाची सांगतात, याची मला चीड येते. कळस गावाच्या पलीकडच्या एका खेड्यात दूध संकलन केंद्राच्या चेअरमननी तर मला त्याचसाठी बोलावलं होतं. कॉम्प्युटरवर बसणारी बाई जादा भाव मिळावा म्हणून घरच्या दुधाला फॅट वाढवून घेते, ते मी पकडून द्यायचं. संध्याकाळी संचालक मंडळ तिला काढणार होतं. गावच्या सुनेला चोर हे नाव एकदा चिकटलं की ते निघत नाही.

पुरावा मलाही पक्का वाटला. कॉम्प्युटरवर बसणाऱ्याच्या घरचं दूध सगळ्यात शेवटी घालायचं, कुणी बोट दाखवू नये म्हणून, ही तिथली रीत. तिच्या सासऱ्यांची, आबांची, किटली शेवटची. त्यांच्या आधी गावातल्याच तात्यांची. आणि कित्येक संध्याकाळी दोघांच्या पावत्यांवर फॅट अगदी एकच. तात्यांच्या गाईंना चांगली फॅट लागते. आबांच्या गाईंना तेवढी कधीच लागली नव्हती.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "लाइट गेली की आकडा हालतच न्हाय. मी सांगितलं हुतं. नवा लॅपटॉप हाय म्हणून कुणी ऐकलं न्हाय."

शेतीपंपांच्या विजेची पाळी बदलताना, नेमकी शेवटच्या किटल्यांच्या सुमारास, लाइट जायची. फॅट मशीन इन्व्हर्टरवर चालायचं, लॅपटॉप साध्या प्लगवर; लाइट गेली की तो स्वतःच्या बॅटरीवर जायचा. मी मेन स्विच पाडला आणि पडद्यावर बघून हादरलोच.

कॉम्प्युटरला जोडलेली प्रत्येक वस्तू काम आलं की प्रोसेसरला हाक मारते. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. लाइट गेल्याची हाक एकदाच यायला हवी; इथं ती थांबतच नव्हती. हाकांचा आकडा मीटरसारखा पळत होता. शेवटी वैतागून कॉम्प्युटरनं ती वाटच बंद केली, आणि फॅट मशीनची हाकही त्याच वाटेनं येत होती. हाक बंद केव्हा करायची, हे कंपनीनं लॅपटॉपच्या पोटात भरलेल्या मूळ प्रोग्रॅममध्येच, फर्मवेअरमध्येच, चुकलं होतं. मशीन ओरडत होतं, ऐकणारं कुणी नव्हतं, आणि पडद्यावर मागच्याच दुधाचा आकडा बसून होता.

चेअरमनना हे पटेना. मग मी तात्यांचं थोडं दूध लावलं, स्विच पाडला आणि मशीनला साधं पिण्याचं पाणी दिलं. भिंतीकडं तोंड केलेल्या मशीनच्या काचेवर शून्य होतं. लॅपटॉपनं पावती काढली: चार पूर्णांक दोन, तात्यांच्या दुधाचीच. मला कारण माहीत होतं, तरी ती पावती बघून माझ्या अंगावर काटा आला. चेअरमननी ती पावती आणि काचेवरचं शून्य ताडून पाहिलं.

कंपनीचं सुधारलेलं फर्मवेअर चढवलं. पुन्हा स्विच पाडला, पुन्हा पाणी. या वेळी पावतीवर शून्य आलं. चेअरमननी सगळ्यांसमोर सांगितलं की बाईंची काही चूक नाही. मला वाटलं, आता ती सुटकेचा निःश्वास टाकेल.

आबा किटली घेऊन नेहमीसारखे शेवटी उभे होते. तिनं त्यांचं दूध मोजलं, पावती हातात दिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मंडळाचं सोडा, आबा. घरात तुमी बी मला चोरच म्हणला हुता."

आबांनी पावतीकडं पाहिलं नाही. त्यांना किटलीचं झाकण लागेना.