एकाच तारखेचे दाखले

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. पण आजही जे आठवलं की अंगावर काटा येतो, ते प्रकरण यातलं नाही. त्यात रक्ताचा थेंबही सांडला नव्हता. होता तो एक जुना कागद, आणि तो चुकीचा वाचणारा मी.

शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या एका ठाण्याचा तेव्हा मी प्रभारी होतो. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. एके सकाळी पंचेचाळिशीचा एक गृहस्थ तक्रार अर्ज घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स. इतकी तयारी करून आलेल्या तक्रारदाराचा मला एरवी आधी संशय यायचा. त्या दिवशी नेमका आला नाही.

त्याचं म्हणणं असं. त्याचा काका तरुणपणी झाडावरून पडून वारला. मागे विधवा आणि एक मुलगी. ती मुलगी आता पन्नाशी ओलांडलेली, अंगणवाडी सेविका. बापाच्या जमिनीवर वारस म्हणून नाव लावण्यासाठी तिने तलाठ्याकडे अर्ज केला होता आणि सोबत जन्माचा पुरावा जोडला होता.

"साहेब, हा तिचाच कागद," तो म्हणाला. "काका वारल्यावर दोन पावसाळे गेले, त्यानंतरची तारीख आहे. मग ही काकांची पोर कशी? आणि खाली हे तिसऱ्याच पुरुषाचं नाव कोणाचं, ते त्या म्हातारीला विचारा."

कागद दोन होते. वर टाईप केलेलं मराठी भाषांतर, अर्जासाठी तिने कल्याणच्या कुठल्याशा टायपिस्टकडून करून घेतलेलं, मथळा 'जन्मदाखला'. खाली मूळ इंग्रजी हस्ताक्षरातल्या चिठ्ठीची फिकट झेरॉक्स. मी वरचा कागद वाचला. मुलीचं नाव, आईबापाची नावं, तारीख आणि शेवटी ते तिसरं नाव.

अर्जाची चौकशी मी स्वतःकडे घेतली. मुरबाडला तहसील कचेरीत जाऊन कोतवाल बुक काढायला लावलं. पूर्वी गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल ज्यात लिहीत असे, ते हे पुस्तक. काकाच्या मृत्यूची नोंद सापडली आणि तक्रारदाराची तारीख बरोबर निघाली. मुलीच्या जन्माची नोंद मात्र त्या गावाच्या पुस्तकात कुठेच नव्हती. त्यातच धसईच्या बाजारातला आमचा खबऱ्या म्हणाला की त्या बाईबद्दल लोक कुजबुजतात. ही कुजबुज तक्रारदारानेच पसरवली होती, हे मला फार उशिरा कळलं. पोलिसाला एक तारीख पक्की सापडली की तो बाकी सगळं तिच्याभोवती बसवत जातो. मीही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी महिला शिपाई बरोबर घेऊन त्या मायलेकींच्या पाड्यावर गेलो. या पाड्यातल्या दहा-बारा घरांनी आजोबा-पणजोबांच्या काळात बाप्तिस्मा घेतलेला. जीप थांबली तशी माणसं गोळा झाली. त्यांना हटवायला हवं होतं. मी हटवलं नाही. चार लोकांत माणूस खरं बोलतो, असा माझा तेव्हाचा समज होता.

म्हातारी ओटीवर बसली होती, ऐंशीच्या घरातली. मुलगी शेजारी उभी.

"आजी, हा कागद कुठून आणला?"

"फादरनं दिल्याला. पोर ल्हान व्हती तवा."

"नवरा वारला तेव्हा पोर केवढी होती?"

"रांगत व्हती."

"कागदावर तर त्यानंतरची तारीख आहे. आणि हे नाव कोणाचं?" मी ते तिसरं नाव मोठ्याने वाचलं.

"ते मास्तर. हितल्याच शाळंचे."

"मग मुलगी त्यांची आहे का?"

मुलगी आईकडे बघतच राहिली. "आई, बोल ना गो," एवढंच ती म्हणाली. म्हातारी रडली नाही, भांडली नाही. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. समोरच्या कुडाला टेकून बसलेली दुसरी एक म्हातारी उठली आणि काठी टेकत निघून गेली. मी डायरीत लिहिलं, 'समाधानकारक उत्तर दिले नाही.'

मी जीपकडे वळणार तोच शेजारच्या घरातून साठीची एक बाई प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली.

"सायेब, माजा पन कागद बघा."

बघितला. तीच तारीख. तेच मास्तरांचं नाव.

"मी तवा सात वर्सांची व्हती," ती बाई म्हणाली. "हिला काखंत घेऊन फादरपुढं मीच उभी ऱ्हायली. तारीख तीच, मास्तर पन तेच. मंग मी पन मास्तरांचीच काय?"

आणखी दोन घरांतून कागद आले. सगळ्यांवर एकच तारीख, एकच मास्तर. मागे कोणीतरी हसलं. एकाच दिवशी एका पाड्यात एवढी मुलं जन्मत नाहीत आणि सात वर्षांची पोर आपल्याच वयाच्या पोरीला काखेत घेत नाही. तिथेच उभ्या उभ्या मी खालची झेरॉक्स पहिल्यांदा नीट वाचली. त्या इंग्रजी चिठ्ठीत जन्माचा शब्दसुद्धा नव्हता. या दिवशी या मुलीला बाप्तिस्मा दिला, एवढंच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी जुनी दप्तरं ठेवलेलं चर्च गाठलं. तिथल्या वयस्क फादरनी न रागावता सगळं समजावलं. त्या काळी पाड्यावर रस्ता नव्हता. भाताची झोडणी उरकली की वर्षातून एकदा फादर चालत जायचे, कधी पाच-सात वर्षं जाणंच व्हायचं नाही. मग गेले की राहिलेली सगळी मुलं एकदम. चिठ्ठीवरची तारीख त्या दिवसाची.

"आणि हे तिसरं नाव?" मी विचारलं.

"धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या बाजूने उभा राहतो तो. सख्खा बाप धर्मपिता होऊच शकत नाही, साहेब. त्या पाड्यात लिहिता-वाचता येणारे मास्तर एकटेच, म्हणून सगळ्यांच्या मागे तेच उभे राहिले."

मग त्यांनी मोठं रजिस्टर उघडलं. त्यात जन्मतारखेचा रकाना वेगळा होता. बापाच्या मृत्यूच्या दहा महिने आधीची तारीख. जन्माचं ठिकाण, किन्हवलीजवळचं आईचं माहेर.

मी कपाळावर हात मारून घेतला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे आपल्याकडे लहान मूलही सांगेल. माझी दोन्ही मुलं त्यांच्या आजोळी जन्मली आणि मी नोंद शोधली ती बापाच्या गावात! शहापूरच्या तहसील कचेरीत त्या माहेरच्या गावाचं कोतवाल बुक काढलं. एका ओळीत सगळं होतं. मुलगी, बापाचं नाव, तोच दिवस.

अर्जात तथ्य नाही, असा अहवाल देऊन मी प्रकरण दप्तरी दाखल केलं. तक्रारदाराला बोलावून झाडलं. तो म्हणाला, "साहेब, मी कागदावर होतं तेच बोललो." मीही तोच वरचा कागद वाचून पाड्यावर गेलो होतो.

अहवालाची प्रत द्यायला मी एकटाच पाड्यावर गेलो. शरमेने कोणाला बरोबर घेतलं नाही. म्हातारीने कागद हातात घेतलाच नाही.

"इचारलं तवा समदा पाडा व्हता," ती म्हणाली. "आता सांगाया एकलेच आले?"

मी शेजारच्या त्या बाईला सांगून सगळ्यांना बोलावलं. टोपी नीट घातली, उभं राहून अहवाल शब्दन् शब्द वाचला. मुलीने आईचा हात धरला होता.

वाचून झाल्यावर म्हातारी म्हणाली, "आता आजून एकदा वाचा. जरा मोट्यानं." आणि तिने कुडाकडे हात केला. त्या दिवशी उठून गेलेली म्हातारी तिथे बसली होती. "मास्तरांची बायको हाय ती. तिला कमी ऐकू येतं. तुमचं त्या दिवशीचं मातर ऐकू गेलं तिला."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. शक्य तितकं मोठ्याने वाचलं. मास्तरांच्या बायकोने शेवटपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

नवे अधिकारी भेटले की विचारतात, सर, नोकरीने काय शिकवलं? मी सांगतो, वरचा कागद बाजूला करून खालचा वाचा, तो कशाचा आहे ते आधी विचारा आणि बाईमाणसाला प्रश्न विचारायच्या आधी गर्दी हटवा. ते माना डोलावतात. हे मी कुठे शिकलो, ते मात्र आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. अजूनही वाटते.