उपाशीपोटी बाकावरची मंडळी

शुगरवाल्यांकडे किस्से फार साठतात, कारण त्यांना बसून राहावं लागतं. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग खायचं आणि दोन तासांनी पुन्हा द्यायचं. मी रोह्याहून एसटीने पेणला जायचो. मधल्या वेळात परत घरी थोडाच जाणार? मग दवाखान्याबाहेरचा बाक आणि आमची मंडळी. नव्वदच्या दशकातली गोष्ट ही. घरच्या घरी बोट टोचून बघायची मशिनं आमच्यापर्यंत पोचली नव्हती.

बाकावरच्या सगळ्यांचं दुखणं एकच. दिवसभर शुगर शहाण्यासारखी वागायची आणि सकाळी बघावं तर चढलेली!

पहिला आगाऊपणा माझाच. तपासणीच्या आदल्या रात्री गोळी घेतली आणि जेवलोच नाही. म्हटलं, उद्या शाबासकी. आकडा आला नेहमीपेक्षा वर! मी कंपनीत कामाला, म्हणून डॉक्टरांनी माझ्याच भाषेत समजावलं.

"पोटाला सुट्टी दिलीत, पण लिव्हर नाइट शिफ्टला असतं. बाहेरून माल आला नाही की ते गोडाऊनमधली साखर काढतं."

गोळी घेऊन उपाशी झोपणं धोक्याचं, म्हणून वर ओरडाही खाल्ला. वेळेवर जेवा, भात कमी करा आणि झोपताना मूठभर फुटाणे खा, असं ठरलं.

बाळारामदादांनाही हेच सांगितलं होतं. त्यांचा जन्म मिठागरावर गेलेला, हात फावड्याएवढे. महिन्याभरात वजन वाढलं आणि सकाळची शुगर तिथेच. डॉक्टर चक्रावले. सोबत आलेल्या वहिनींनी नवऱ्याची मूठ उघडून डॉक्टरांसमोर धरली.

"मूठ कुनाची, ता तुमी बोललाव नाय," त्या म्हणाल्या. "आजपासून माजी."

फुटाणे वहिनींच्या मुठीने मिळू लागले. दादा आम्हाला सांगायचे, लग्नात धरला तेव्हा हा हात एवढा लहान वाटला नव्हता.

नानांच्या बाबतीत मात्र आमची थट्टा बंद पडली. नाना पेणचे मूर्तिकार. कारखान्यात रंग कोणीही देईल, पण गणपतीच्या डोळ्यांची आखणी नानांचीच. आणि त्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू! सकाळची शुगर उतरल्याशिवाय हात लावणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलेलं. ऑपरेशन लांबलं तर यंदा आखणी कोण करणार? नाना बाकावर बसून समोरच्या दुकानाची पाटी वाचायचा प्रयत्न करायचे, ते बघून मला गलबलून यायचं.

पथ्य तर कडक. रात्री एकच भाकरी, मोजके फुटाणे, गोडाचं नाव नाही. तरी शुगर खाली येईना. शेवटी डॉक्टरांनी नानींना बोलावलं. जेवणानंतर हे आणखी काही खातात का, असं विचारलं.

"खातात कुठं?" नानी म्हणाल्या. "चव बगतात."

नानींचा पोह्याच्या पापडांचा धंदा. उन्हाळ्यात रोज जेवणं आटोपली की दुसऱ्या दिवसाचं पीठ मळायचं, आणि मीठतिखट ठरवायचं ते नानांच्या जिभेने. लाट्या तेलात बुडवून एक मिठासाठी, एक तिखटासाठी आणि एक खात्रीसाठी! वर्षानुवर्षं हे चाललं होतं, आणि याला खाणं म्हणतात हे दोघांच्याही मनात आलं नव्हतं. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

त्या दिवसापासून नानींनी नानांना पिठाजवळ फिरकू दिलं नाही. स्वतःच्या अंदाजाने मीठ घातलं. सकाळची शुगर हळूहळू उतरली, ऑपरेशन झालं आणि श्रावणात नाना बारीक ब्रश घेऊन बसले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी आमची मूर्ती आणायला गेलो. माझ्यापुढे खांब गावचं एक जुनं गिऱ्हाईक होतं. हा माणूस दर उन्हाळ्यात पापडही नानींकडूनच न्यायचा. यंदाचे पापड तोंडात धरवेनात इतके खारट, अशी त्याने सगळ्यांदेखत तक्रार मांडली. नानांनी मान खाली घातली.

नानींनी पाटावरचा त्याचा गणपती उचलला आणि तोंड त्याच्याकडे करून धरला.

"व्हय, खारट झालेत," त्या म्हणाल्या. "आता ह्याच्या डोल्यांत बगून बोल."