डालग्याखाली

आत्या कोंबडी उचलायची ती मागून, दोन्ही पंख एका हातात धरून. काखेत दाबायची, डोकं पाठीमागे, शेपूट पुढे. मग शेपटीखालच्या दोन हाडांच्या मधे बोटं टेकवून बघायची. दोन बोटं बसली तर म्हणायची, "घालती हाय." एकच बसलं तर, "बंद हाय. राहू द्या तिला." कोंबडी खाली सोडून हात पदराला पुसायची आणि तेवढ्यात दुसरी उचललेली असायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांचं सगळं शहाणपण बोटांत असतं. आत्याला स्वतःचं वय सांगता यायचं नाही, पण कुठली कोंबडी उद्या अंडं देणार हे ती आज सांगायची.

ती माझी आत्या नव्हती, घरमालकांची आई होती. रावेतला त्यांची शेती होती तिथे आता सोसायट्या उभ्या आहेत. त्यांनी तीन मजली घर बांधलं, खाली मुलाचं प्लॉटिंगचं ऑफिस, आणि मागे भाड्याच्या तीन पत्र्याच्या खोल्या. त्यातल्या एका खोलीत आम्ही. आम्ही धाराशिवकडचे. नवरा चाकणला कंपनीत, मी चिंचवडला रबराच्या पार्टांच्या कडा कापायच्या कामाला. खोल्या आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधे जी बोळाएवढी जागा उरली होती तिथे आत्याच्या नऊ कोंबड्या.

मला बोलता येत नाही. म्हणजे मुकी नाही, पण समोर माणूस आलं की शब्द घशातच बसतात. नवीन राहायला आलो त्या आठवड्यात आत्या दारात उभी राहिली. हातात एक कवडी, पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची कोंबडी, अंग फुलवून डोळे मिटलेली.

"धर गं," ती म्हणाली. "बोलायचं न्हाई, नुसतं धरायचं."

तेवढंच मला जमतं. मी धरली.

कवडीचं अंडं अडकलं होतं. आत्याने माझ्याच टबात कोमट पाणी केलं, मूठभर मीठ टाकलं, लेकराच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं कोपर बुडवून बघितलं आणि कोंबडी त्यात बसवली. बोटाला गोडं तेल लावून शेपटीखाली हळूच फिरवलं. मी विचारलं, "दाबून काढायचं का?"

"आत फुटलं तर मेलीच ती. ढकलायचं न्हाई. तिचं ती करती. आपून नुसतं संगं बसायचं."

बसलो. पाणी गार झालं की मी उठून गरम आणायची. तिसऱ्यांदा आणलं तेव्हा टबात अंडं पडलेलं होतं आणि कवडीने अंग झटकून आम्हा दोघींना भिजवलं होतं. आत्या तोंड पुसत म्हणाली, "हाय का जरा तरी उपकाराची जाण?"

एकदा पातळ सालीची अंडी यायला लागली. हातात घेतलं की पाण्याच्या पिशवीसारखं लिबलिबीत. आत्याने मुलाच्या खुंटीवरच्या शर्टातून चुन्याची ट्यूब काढली आणि कोंबड्यांच्या पाण्यात थोडी थोडी घालून संपवली. घरमालक मागे आले.

"आई, माझा चुना कुठाय?"

"कोंबड्यांनी खाल्ला."

"आन तंबाखू?"

"ती फेकली. ती काय अंडी देती व्हय?"

वर गॅलरीत वहिनी, म्हणजे आत्याची सून, तोंडावर हात ठेवून हसत होत्या. त्या खाली फारशा येत नसत. कोंबड्यांच्या वासाने त्यांना मळमळायचं, नाकाला ओढणी लावून त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंतच यायच्या. आत्या ते बघायची आणि मला हळू आवाजात म्हणायची, "कोंबड्यांची न्हाई, माझीच घाण वाटती तिला."

सोसायटीतल्या बायका अंडी न्यायला यायच्या. एकीने विचारलं, "आजी, ऑरगॅनिक आहेत ना?" आत्या म्हणाली, "न्हाई बाई, कोंबडीचीच हायेत." त्या दिवशी मी खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

पुढचं लिहायला मला जड जातं, पण तेच लिहायला बसले आहे.

तांबडी म्हणून एक कोंबडी होती. मोठं अंडं घालताना तिचं अंग बाहेर आलं. आम्ही पोचेपर्यंत दोघी-तिघींनी टोचायला सुरुवात केली होती. आत्याने त्यांना हाकललं, तांबडीला हळदीच्या पाण्याने धुतलं, सूज उतरावी म्हणून वर साखर भुरभुरली आणि मग तेलाच्या बोटाने अंग आत बसवलं. वेताचं मोठं डालगं तिच्यावर उपडं घातलं, वर गोणपाट टाकलं.

"अंधारात असली की चार दिस अंडं घालीत न्हाई. आन बाकीच्यांना दिसत न्हाई," ती म्हणाली. "लाल दिसलं की टोचत्यात. आपलं-परकं बघत न्हाईत." आदल्या वर्षी एक कोंबडी अशीच गेली होती. एका दुपारी आत्या लग्नाला गेली, परत आली तर बरोबर वाढलेल्या कोंबड्यांनीच त्या कोंबडीची आतडी ओढून काढली होती.

त्याच आठवड्यात सकाळी पाणी भरायला गेले तर धुण्याच्या दगडावरून लाल पाणी वाहत होतं. आत्या फडकी धूत होती. मी बघते आहे म्हटल्यावर म्हणाली, "तांबडीचं हाय."

मला खरं वाटलं.

तांबडी बरी झाली. डालग्यातून बाहेर येऊन बाकीच्यांबरोबर उकरायला लागली. पण डालगं तसंच कोपऱ्यात उपडं राहिलं, वर गोणपाटही तसंच. एका रविवारी झाडायला म्हणून मी ते उचललं. आत दोन विटांना दोरी बांधली होती आणि दोरीवर जुन्या लुगड्याचे तुकडे वाळत होते. धुतलेले, तरी डाग न गेलेले. आत्याचं ते वय जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"ठेव ते खाली." ती मागे उभी होती.

मी ठेवलं. "कधीपासून, आत्या?"

"दिवाळीच्या आधीपासनं."

"दवाखान्यात जाऊ या. मी येते संगं."

"आन घरी कळंल. मग? वर न्हेऊन एका खोलीत टाकत्याल. ताट येगळं, हातरून येगळं, दाराशी उभं राहून बोलणं. माझ्या सासूचं मी बघितलंय. केलं बी मीच." तिने माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "लाल दिसलं की टोचत्यात, पोरी. तू सोत्ता बघितलंस. माझी आण हाय तुला. तू बोलत न्हाईस म्हणून तर पहिल्या आठवड्यात तुझ्याकडं आले."

आजवर कुणी माझ्या न बोलण्याची किंमत केली नव्हती. मी मान हलवली.

मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. सकाळी तिच्या आधी उठून धुण्याच्या दगडावर बादलीभर पाणी ओतायची, लाल दिसू नये म्हणून. माझ्या जुन्या सुती साड्या फाडून तिला दिल्या. मला वाटायचं, मी तिची सेवा करते आहे.

एके दिवशी वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबलेल्या दिसल्या. मी कामावरून येत होते.

"ताई, एक विचारू? आई तुमच्याशी बोलतात. त्यांना काही होतंय का? जेवण निम्म्यावर आलंय. मी विचारलं की उठून कोंबड्यांकडे जातात."

त्यांनी ओढणी नाकाला लावली नव्हती. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. डोक्यावर ठेवलेला हात आठवला.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

"तुम्ही म्हणता म्हणजे नसेल," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. तो सैल झालेला चेहरा मला अजून दिसतो.

उन्हाळ्यात आत्या धुण्याच्या दगडापाशी पडली. दवाखान्यात सांगितलं, गर्भपिशवीचा कॅन्सर, आता पसरला आहे. आधी आणायला हवं होतं, हेही सांगितलं. ते कुणाला सांगितलं तर वहिनींना.

घरी आणल्यावर तिला वर नेलं नाही. मुलाने ऑफिसची टेबलं बाहेर काढली आणि खिडकीपाशी पलंग टाकला, कोंबड्यांचा आवाज ऐकू यावा म्हणून. खोलीत वास असायचा. वहिनी तिची फडकी बदलायच्या, कुशीवर वळवून पाठ पुसायच्या, तिच्याच ताटात तिला भरवून उरलेला घास स्वतः खायच्या. त्यांना एकदाही मळमळताना मी पाहिलं नाही.

मी रोज कामावरून आले की दारात उभी राहायची. एकदा आत्याने बोटाने जवळ बोलावलं. वहिनी पाणी आणायला गेल्या होत्या.

"टोचत न्हाई गं ती," आत्या म्हणाली. बोलताना तिला धाप लागत होती. "उगाच भ्याले मी."

मी तिचा हात धरला. हाडं हाताला लागत होती.

"तू तरी सांगायचंस," ती म्हणाली.

ती रागावली नव्हती. कोंबडीच्या पाण्यात चुना घालायचा राहिला असता तर जशी म्हणाली असती, तशीच म्हणाली. मग तिने तांबडीची चौकशी केली. मी म्हणाले, घालते आहे. त्यानंतर आठव्या दिवशी ती गेली.

तेरावा झाल्यावर कोंबड्या कुणाला तरी देऊन टाकतील असं मला वाटलं होतं. दिल्या नाहीत. वहिनी सकाळी ज्वारी टाकायला खाली येऊ लागल्या. आणि एका सकाळी माझ्या दारात उभ्या राहिल्या. कवडीला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, चुकीचं, पंख मोकळे सोडून.

"कालपासून कोपऱ्यात बसून आहे. शेपूट खाली टाकलंय. आई करायच्या ते तुम्हाला येतं ना?"

मी पाणी गरम केलं, मीठ टाकलं, कोपर बुडवून बघितलं. कवडीला टबात बसवलं आणि वहिनींना म्हणाले, "धरा. नुसतं धरायचं." त्या समोर उकिडव्या बसल्या. मी बोटाला तेल लावलं. अंडं हाताला लागत होतं, पण हलत नव्हतं.

थोडा वेळ गेला. मान वर न करता मी म्हणाले, "वहिनी, मला माहीत होतं. तुम्ही जिन्यात विचारलंत तेव्हाही."

त्या उठून जातील, खोली सोडा म्हणतील, असं वाटून मी थांबले. त्यांचे हात पाण्यातच होते. कवडीचं अंग त्यांच्या हातांखाली वरखाली होत होतं.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "पाणी गार झालं. दुसरं आणा."

मी आत जाऊन पातेलं चढवलं. दारातून बघितलं तर वहिनी तशाच बसल्या होत्या. नाक वाहत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता. अंडं अजून आलं नव्हतं.