ड्रॅगन उसात शिरला आणि मला ‘नाही’ म्हणता येईना

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. जुन्या चार्जरच्या वायरींसारखे ते ड्रॉवरमध्ये आपोआप वाढतात, आणि एक ओढायला जावं तर गुंता सगळा बाहेर येतो. परवा मैत्रिणीला आमच्या रविवारच्या टेबलाचा एकच किस्सा सांगायला बसले, तर कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या. डाळ तीन शिट्ट्यांची होती!

आधी टेबल म्हणजे काय ते सांगते. माझे धाकटे दीर संदेश भाऊजी यांचं आळेफाट्याला गॅरेज आहे. त्याच्या वरच्या खोलीत रविवारी दुपारी दोन ते साडेचार आम्ही चौघं खेळतो. प्रत्येकाचं एक पात्र; कुणी योद्धा, कुणी जादूगार. एक जण गोष्ट सांगतो, समोर काय आलं, काय चालेल, काय चालणार नाही, ते ठरवतो. जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा सांगतो. गोष्ट सांगणाऱ्याला म्हणतात गेम मास्टर. ती मी. पुण्यात इंजिनिअरिंग करताना शिकले होते. डिग्रीतलं सध्या एवढंच वापरात आहे.

माझी सहा वर्षांची ओवी त्या वेळात खोडदला सासूबाईंजवळ असते. सासूबाई शेजारी सांगतात, सूनबाई क्लास घेते. मी ते खोडून काढलेलं नाही. घरी दिवसाला दोनशे वेळा ‘नाही’ म्हणते मी. पडशील, भिजशील, तोंडात घालू नको! आणि टेबलावर बसले की तो शब्द तोंडातून निघतच नाही. असं का होतं, विचार करून थकले.

* * *

पहिल्या रविवारी मी सगळ्यांना छापलेले तक्ते वाटले. नाव, हत्यार, ताकद वगैरे. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात बुटके, एल्फ, गॉब्लिन, ऑर्क असे काल्पनिक वंश असतात, त्यातून एक निवडायचा. त्या रकान्यावर मी घाईत टाइप केलं होतं, ‘जात’.

भिवाभाऊ कागदाकडे बघत राहिले. भिवाभाऊंचं पशुखाद्याचं दुकान आहे, आणि घरची पन्नास-साठ मेंढरं अजून त्यांचा भाऊ रानोमाळ फिरवतो.

“वैनी, दाखला लागंल का?”

“कसला?”

“गॉब्लिनचा.”

“नुसता दाखला नाही भाऊ, व्हॅलिडिटी पण लागेल!” संदेश भाऊजी म्हणाले.

मी घाईने म्हटलं, “खोडा, खोडा तो रकाना!”

“खोडायचा कशाला?” भिवाभाऊ पेन्सिलीला टोक काढत म्हणाले. “हितं तरी आपल्या मनानं निवडाया मिळतीय!”

रकाना अजून तिथंच आहे. ठेवावा की काढावा, माझं ठरत नाहीये.

* * *

भिवाभाऊंनी शेवटी ऑर्क घेतला. पुस्तकात ऑर्कांपुढे लिहिलंय: ताकद अधिक दोन, अक्कल वजा दोन.

आमची चौथी खेळाडू प्रियांका, शिनोलीची, शाळेत शिक्षिका. ती उसळलीच. “ताई, अख्ख्या जमातीची अक्कल वजा दोन? मी वर्गात असं म्हटलं तर माझी नोकरीच वजा!”

मला पटलं. वजा दोन काढून टाकलं.

“मॅन्युअल म्हणजे मॅन्युअल,” संदेश भाऊजी म्हणाले. त्यांचं आयुष्य मॅन्युअलवर चालतं. “गाडीला वाईट वाटेल म्हणून मी डिझेलच्या टाकीत पेट्रोल घालतो का?”

तेही पटलं. वजा दोन परत लिहिलं.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. डोंगरातले ऑर्क मेंढ्या पाळतात, हे पुस्तकात नव्हतंच. ते मी पदरचं घातलं होतं, छान दिसेल म्हणून! आणि त्यांचीच अक्कल वजा दोन. भिवाभाऊंना काय वाटलं असेल? बुधवारी धीर करून फोन लावला. “भाऊ, सॉरी हं. माझ्या मनात तसं काही नव्हतं. ती अक्कल मी काढून टाकते.”

पलीकडून आवाज आला, “वैनी, अक्कल काडा न्हाईतर ठिवा. पन तुमी मेंढरं दाव्याला बांदलेली लिवलीत. मेंढरू कोन दाव्याला बांदतं? त्याचं लई वाईट वाटलं बगा.”

* * *

मग तुरुंगाचा किस्सा. चार दिवस खपून मी राजाचा तुरुंग रचला होता. सात कुलपं, खंदक, दारावर पहारेकरी. यातून सुटायला यांना तीन रविवार लागणार, अशी माझी खात्री.

“पहारेकरी कुठला?” भिवाभाऊंनी विचारलं.

“कुठला म्हणजे?”

“गाव कंचं त्याचं?”

तोंडातून निघालं, “ओतूर.”

“मंग पावनाच की! आमच्या मेव्हनीचं सासर ओतूरचं.”

दहा मिनिटांत पहारेकऱ्याने चहा टाकला आणि सात किल्ल्यांचा जुडगा काढून दिला.

“वहिनी,” संदेश भाऊजींनी कपाळाला हात लावला, “ऑर्कची मेव्हणी ओतूरला?”

“असू शकते,” मी म्हटलं.

* * *

एका रविवारी मी ड्रॅगन आणला. आवाज खोल करून सांगितलं, “दिवस मावळतोय. उसाच्या फडातून गुरगुर ऐकू येते. पाचटात दोन डोळे चमकतात...”

आता तलवारी निघणार! पण तिघं एकदम ओरडले, “फॉरेस्टला फोन लावा!”

“पोरं घरात घ्या.”

“पिंजरा मागवा, आत शेळी ठेवा.”

“ताई, या राज्यात वनखातं आहे ना?” प्रियांकाने विचारलं.

तिघं माझ्याकडे बघत होते. “आहे,” मी म्हटलं.

पिंजरा मागवणारे संदेश भाऊजीच होते! ते मग भानावर आले. “एक मिनिट, एक मिनिट. आपल्या उसातला बिबट्या नाहीये हा. पुस्तकात छापलंय, ड्रॅगन, स्वभाव दुष्ट. दिसला की मारायचा.”

“समदेच दुष्ट?” भिवाभाऊ म्हणाले. “बिबटं तरी समदी नरभक्षक असत्यात का राव?”

“मी बिबट्याचं बोलतच नाहीये!”

“मग कुणाचं बोलताय?” प्रियांका म्हणाली.

तिथून दीड तास वाद. ड्रॅगन बिचारा उसात ताटकळत उभा. मी दोन्ही बाजूंना मान डोलावत होते, आणि दोन्ही वेळा मनापासून.

* * *

त्या दिवशी जिन्यात संदेश भाऊजींनी मला थांबवलं. “वहिनी, राग मानू नका. तुम्ही कशालाच नाही म्हणत नाही. मग फासा टाकायचा कशाला? पुढच्या रविवारी एकदा तरी नाही म्हणा. नाहीतर मास्टरच्या खुर्चीत मी बसतो. नाहीतर बंदच करू. खोली तशीही मला टायर ठेवायला लागतेच.”

त्यांचं काही चुकत नव्हतं, हीच पंचाईत. पण ते खुर्चीत बसले तर प्रियांका दोन एसट्या बदलून येणार नव्हती, तिने तसं सांगून टाकलं. ती नाही तर आपणही नाही, असं भिवाभाऊ म्हणाले. म्हणजे टेबल संपलं. मग रविवारी दोन वाजता मी कोण असणार होते?

आठवडाभर मी ओट्यापाशी सराव केला. भाकरी थापताना “नाही.” दूध उतू जाताना “नाही!” एकदा मागे बघते तर ओवी दारात उभी, रडवेली. “आई, मी तर काही मागितलंच नाही!”

* * *

रविवार उजाडला. गोष्टीत ऊसतोड सुरू झाली होती. मी सांगितलं, “कोयता थांबतो. पाचटात तीन पिल्लं आहेत. ड्रॅगनची. डोळे अजून उघडलेले नाहीत.”

आमच्याकडे पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. तोडीत बिबट्याची पिल्लं सापडली की तोड थांबते. वनखात्याचे लोक पिल्लं क्रेटमध्ये तिथंच ठेवतात, माणसं लांब सरतात, आणि अंधार पडल्यावर आई येऊन एकेक उचलून नेते. बहुतेक वेळा.

“पिल्लू असलं म्हणून काय झालं?” संदेश भाऊजी म्हणाले. “छापलंय, स्वभाव दुष्ट. माझा योद्धा तलवार काढतो.”

“संदेश, क्रेट आन,” भिवाभाऊ म्हणाले.

“ताई, आई येईल ना?” प्रियांकाने विचारलं.

भाऊजी माझ्याकडेच बघत होते. घशापर्यंत ‘नाही’ आलं आणि तिथंच अडकलं. मी म्हटलं, “फासा टाका. दहाच्या वर पडलं तर आई येईल.”

“मी टाकतो,” भाऊजी म्हणाले, आणि टाकला.

तीन.

प्रियांकाने चष्मा काढून पुसायला घेतला. भाऊजी त्या तीनकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच फासा उचलला. “टेबल जरा तिरकं आहे. परत टाकतो.”

“नाही,” मी म्हटलं.

निघालं! सगळ्यात जास्त मीच दचकले.

भाऊजींनी फासा खाली ठेवला. भिवाभाऊंनी खुर्ची मागे सरकवली. “मंग थांबू. आज न्हाई तर उद्या यील. आवाज करू नगा कुनी.” त्यांनी उठून पंखा बंद केला. प्रियांकाने मोबाइल सायलेंटवर टाकला. चालेल का, हे मला कुणी विचारलं नाही. कुणाची पाळी आहे, खेळ चालू आहे की संपलाय, मला काही कळेना. पण माझाही श्वास आपोआप बारीक झाला होता.

दहा मिनिटं झाली असतील, नसतील. खाली ट्रकचा हॉर्न. “ओ शेठ! टायर बगता का जरा?” परत हॉर्न.

संदेश भाऊजी चवड्यांवर जिन्यापर्यंत गेले आणि ओठांवर बोट ठेवून खाली वाकले. “हळू, पावणं! पिल्लं हायेत हितं. आई यायचीय अजून.”

ड्रायव्हरने एकदा वर बघितलं, आणि इंजिन बंद केलं.